‘टिश्यू’ म्हटलं की केळीची रोपं : संमतीपत्रात कोणता शब्द?

चोपडा : शस्त्रक्रियेत काढलेला भाग पुढे संशोधनासाठी ठेवायचा असेल तर रुग्णाची वेगळी संमती लागते. त्या मराठी पत्रकात ‘टिश्यू’साठी काय छापावं? मसुद्यात ‘ऊती’ आहे. पण रावेर-यावल-चोपड्याकडे ‘टिश्यू’ म्हणजे जी-नाईन केळीची रोपं, आणि ‘ऊती’ हा शब्द लोकांनी पाहिलेला असतो तो ‘ऊतिसंवर्धित केळी रोपे मिळतील’ या पाटीवर. ‘तुमच्या ऊती संशोधनासाठी वापरू’ यातून माणसाला काय कळणार?

भुसावळ, भाषांतर : शब्द घडवणाऱ्यांवर राग काढू नका. ‘ऊती’च्या मुळाशी संस्कृतातला विणण्याचा धातू आहे. ‘टिश्यू’ फ्रेंचमधून आला, तिथेही अर्थ विणलेलं वस्त्र; ‘हिस्टॉलॉजी’तला ग्रीक ‘हिस्टॉस’ म्हणजे माग. तिन्हीकडे एकच कल्पना. शब्द देखणा आहे, पण संमतीपत्राला देखणेपणाचा उपयोग नाही. ‘मांसाचा तुकडा’ किंवा नुसतं ‘तुकडा’ लिहा. ‘तुकडा तपासायला पाठवला’ हे सगळ्या वॉर्डांत चालतं.

धुळे, पॅथॉलॉजी : ‘तुकडा’ला माझं अनुमोदन, पण खरी गोची नामात नाही, क्रियापदात आहे. तुकडा काढणं, तपासणं आणि ठेवणं ही तीन कामं आहेत आणि ‘नमुना घेणे’ या एका शब्दप्रयोगात तिन्ही बुडून जातात. रुग्ण पहिल्या दोहोंना हो म्हणतो, तिसरं त्याच सहीत जातं.

तिसरं किती मोठं आहे ते पाहा. तुकडा कुजू नये म्हणून त्याच्या दहापट फॉर्मॅलिनमध्ये बुडवतात (बाजारातल्या फॉर्मॅलिनचा एक भाग, पाणी नऊ भाग, बफर घालून), मग चढत्या ताकदीच्या अल्कोहोलमधून, झायलीनमधून मेणात. तयार झालेल्या ठोकळ्यात तुकडा ३ मिलीमीटर जाड असेल आणि काप ४ मायक्रॉनचा (मायक्रॉन म्हणजे मिलीमीटरचा हजारावा भाग) घेतला, तर हिशेबाने साडेसातशे काप निघतात. छाटणीत थोडे वाया जातात. निदानाला दोन-चार पुरतात, खास रंग लावायचे तर आणखी काही. बाकीचा ठोकळा वर्षानुवर्षं कपाटात. त्याला आपण ‘उरलेला’ म्हणतो. मराठीत उरलेलं म्हणजे ज्यावर कुणाचा हक्क नाही ते. पण त्याच रुग्णाला उद्या मुंबईत दुसरं मत घ्यायचं झालं तर हाच ठोकळा लागतो. म्हणून संशोधनासाठी ठोकळा संपवायचा नाही, हे पत्रकातच लिहावं.

जळगाव, नैतिकता समिती : ‘उरलेला’ आणखी एका ठिकाणी फसवतो. ज्या अभ्यासाला चांगला आरएनए हवा असतो, त्यात तुकडा फॉर्मॅलिनमध्ये जाण्याआधीच, शक्यतो अर्ध्या तासाच्या आत, बाजूला काढून गोठवतात. फॉर्मॅलिनने आरएनएसारखी, पेशीतला जनुकीय मजकूर वाहणारी न्यूक्लिक आम्लं तुटतात आणि प्रथिनांशी जखडून जातात, मग नीट वाचता येत नाहीत. म्हणजे हा भाग तपासणी करून उरलेला नव्हे, तपासणीआधी वेगळा केलेला. त्याची संमती शस्त्रक्रियेआधीच हवी, तीही गुंगीचं औषध दिल्यावर ऑपरेशन थिएटरच्या दारात नव्हे. आणि ‘तसाही फेकणारच होतो’ हे तर बोलूच नका. रुग्णालयाच्या कचऱ्याच्या पिवळ्या पिशवीत जाऊन जळणारी वस्तू आणि नाव-वयासह कपाटात राहणारी वस्तू सारखी नसते.

नंदुरबार : आमच्याकडचा प्रश्न रक्ताचा. सिकलसेल या आनुवंशिक रक्तदोषाच्या शिबिरात जांभळ्या टोपणाच्या नळीत २ मिलीलिटर रक्त घेतात. सोल्युबिलिटी या पहिल्या चाळणी चाचणीला साधारण २० मायक्रोलिटर लागतं, म्हणजे शंभरावा भाग. ती चाचणी वाहक आणि रुग्ण यांत फरक करत नाही, म्हणून पुढे हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करून दाखवणारी इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी चाचणी, त्यालाही थेंबभरच. बाकी रक्त शीतपेटीत. पाड्यावरच्या बाईनं बोट कशाला पुढे केलं? ‘सिकल आहे का बघायला’. त्या रक्तावर उद्या कुणी भिल्ल-पावरा कुठून आले याचा अभ्यास केला, तर तिनं हो म्हटलेलं ते नव्हेच.

अमेरिकेत नेमकं हेच झालं. अ‍ॅरिझोनातल्या हवासुपाई जमातीनं १९९०च्या सुमारास मधुमेहाच्या अभ्यासासाठी रक्त दिलं. ते स्किझोफ्रेनिया आणि जमातीच्या स्थलांतराच्या अभ्यासालाही वापरलं गेलं. जमातीची उत्पत्ती ती राहते त्या ग्रँड कॅन्यनच्या दरीतच झाली ही त्यांची श्रद्धा, तिला तो अभ्यास आडवा गेला. २०१० मध्ये अभ्यास करणाऱ्या अ‍ॅरिझोना स्टेट विद्यापीठानं ७ लाख डॉलर देऊन तडजोड केली आणि उरलेलं रक्त परत केलं.

एक दुरुस्ती माझीच : वर ‘बोट पुढे केलं’ लिहिलं ते चुकलं. बोटाला टोचून २ मिलीलिटर मिळत नाही, ते शिरेतून घेतात. पत्रकातही ‘थोडेसे रक्त’ नको. ‘हाताच्या शिरेतून २ मिलीलिटर, म्हणजे अर्ध्या चमच्याहून कमी’ असं हवं.

भुसावळ, भाषांतर : आता ‘इन्फॉर्म्ड कन्सेंट’. ‘माहितीपूर्ण संमती’ वाचलं की संमतीच माहितीनं भरलेली वाटते, जणू संमती म्हणजे पुस्तिका. ‘सूचित संमती’ हिंदीतून आलंय. मराठीत ‘सूचित’ म्हणजे आडून सुचवलेलं, अर्थ पार उलटा. आपल्या खरेदीखतात मात्र जुना बांधीव प्रयोग आहे : ‘राजीखुशीने व अक्कलहुशारीने’. ‘राजीखुशी’त जबरदस्ती नाही हे येतं, ‘अक्कलहुशारी’त शुद्धीवर आणि समजत्या मनानं हे येतं.

जळगाव, नैतिकता समिती : खतातला प्रयोग आवडला, पण त्यात ‘समजून’ नाही. खत करणाऱ्याला आपली जमीन माहीत असते, रुग्णाला आपला तुकडा कुठे जाणार ते माहीत नसतं. ‘समजून दिलेली संमती’ सरळ आहे. आणि ‘संमती घेतली का?’ हे बोलणं आपल्यातच बंद करू या. संमती देतात, घेतात ती सही. अंगठा असेल तर साक्षीदार संशोधनाच्या चमूतला नको. सात वर्षांवरच्या मुलाचा वेगळा होकार लागतो, त्याला ‘होकार’च म्हणा, ‘अनुमती’ नको. पालकाची परवानगी वेगळी.

नंदुरबार : आणि ‘निनावी’? नाव काढून क्रमांक टाकला की पत्रकात ‘निनावी’ लिहून मोकळे होतात. ज्याची क्रमांक-नावांची यादी कुणाच्या तरी टेबलाच्या खणात आहे ते निनावी नव्हे, ‘क्रमांकित’ म्हणा. यादी नष्ट केली तरच निनावी, पण मग रुग्ण ‘माझं परत द्या’ म्हणाला तर शोधणार कसं? हे दोन्ही आधी सांगायला हवं. त्यातही तीस घरांच्या पाड्यात ‘स्त्री, ३४, दुर्मीळ रक्तदोष’ एवढं छापलं की नाव लिहायची गरज उरत नाही.

चोपडा : शीर्षकात ‘नमुना दान’ चालेल? रक्तदान, नेत्रदान लोकांना ओळखीचं आहे.

धुळे, पॅथॉलॉजी : न विचारता घेतलेल्याला दान म्हणता येत नाही. १९५१ मध्ये बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्समध्ये हेन्रिएटा लॅक्स यांच्या गर्भाशयमुखाच्या गाठीतून न सांगता घेतलेल्या पेशी ‘हेला’ या नावानं जगभर वाढवल्या गेल्या. त्यांनी काही दान केलं नव्हतं. शिवाय दान दिलं की आपल्याकडे ते मागे मागत नाहीत. मागे घेण्याचा हक्क ज्यात आहे त्याला दान म्हटलं की तो हक्क मागायलाच माणूस लाजेल.

भुसावळ, भाषांतर : मग ‘ठेव’? रक्तपेढी आहे, जैवपेढी म्हणतोच आहोत. पेढीत असते ती ठेव, आणि ठेव ज्याची त्याचीच.

जळगाव, नैतिकता समिती : आपल्याकडे बसतं. आयसीएमआरची (भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेची) २०१७ची मार्गदर्शक तत्त्वं नमुन्याचा मालक सहभागी व्यक्तीलाच मानतात, संस्था राखणदार. कॅलिफोर्नियात बसलं नसतं. तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं १९९०च्या मूर खटल्यात काढलेल्या प्लीहेच्या पेशींवर रुग्णाची मालकी मान्य केली नाही, डॉक्टरनं आपला आर्थिक हेतू सांगायला हवा होता एवढं मात्र म्हटलं. एक लक्षात ठेवा : आयसीएमआरची तत्त्वं काही अभ्यासांत संमतीतून सूटही देतात, उदाहरणार्थ खरोखर निनावी नमुने. पण ती सूट समितीनं द्यायची, संशोधकानं स्वतःच गृहीत धरायची नाही.

नंदुरबार : ठेव म्हटलं की इथला माणूस पहिला प्रश्न विचारील, व्याज किती? आणि पतपेढीत बुडालेल्या ठेवी जळगाव जिल्ह्यात तरी कुणी विसरलेलं नाही.

चोपडा : मग शीर्षकात नाम नकोच. मसुदा असा करतो : ‘तुमच्या आजारासाठी काढलेल्या तुकड्याचा काही भाग आम्ही ठेवावा का? (१) फक्त याच आजाराच्या अभ्यासासाठी ठेवा. (२) इतर अभ्यासांसाठीही ठेवा, पण दर वेळी विचारा. (३) ठेवू नका. यातलं काहीही निवडलं तरी ऑपरेशन आणि औषध तेच राहील.’

धुळे, पॅथॉलॉजी : ‘ठेवू नका’ पहिल्या क्रमांकावर घ्या. शेवटच्या चौकटीपर्यंत कुणी वाचत नाही.

नंदुरबार : पावरी आणि अहिराणीत हे वाचून दाखवून, ऐकणाऱ्याकडून त्याच्याच शब्दांत परत वदवून घ्या. अहिराणीत ‘तुन्ही मरजी शे का?’ एवढं पुरतं. ‘संमती’ तिथे लागतच नाही.