गिरण्यांच्या जागांवर तुमच्या डोळ्यांदेखत काय उभं राहिलं? गिरणगावकरांनो, लिहा!

१९८२च्या गिरणी कामगारांच्या संपानंतर मुंबईतल्या कापड गिरण्या एकेक करून बंद पडल्या आणि लालबाग-परळ भागातली सुमारे ६०० एकर जमीन कुलपाआड गेली. १९९१च्या विकास नियंत्रण नियमावलीतल्या नियम ५८ प्रमाणे तिचे तीन वाटे व्हायचे होते: पालिकेला मोकळ्या जागेसाठी, म्हाडाला घरांसाठी आणि उरलेला मालकाला. २००१ मध्ये फक्त बांधकाम नसलेली जागा वाटायची असं ठरलं, २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ते मान्य केलं आणि पहिले दोन वाटे आटले. यावर वाद घालून झालेत. इथे आपापल्या दारासमोरचं लिहा.

सुरुवात मी करते. आमची चाळ डिलाईल रोडची. समोरची गिरणी बंद होती तेव्हा आत रान माजलेलं, घुशी, गर्दुल्ले. संध्याकाळनंतर आई त्या भिंतीच्या कडेनं जाऊ द्यायची नाही. ते दिवस कोणाला परत हवेत? पण आता तिथे टॉवर आहे, आणि त्याचे खालचे मजले नुसत्या गाड्यांचे. रात्री गाडी वर चढली की दिव्यांचा झोत आमच्या मांडणीवरच्या पातेल्यांवरून फिरून जातो. शेजारी म्हणायचे तर त्या गाड्याच.

*

मी जरा वेगळं बोलणार, राग नको. माझी मुलगी मॉलमध्ये कपड्यांच्या दुकानात आहे. दिवसभर उभं राहावं लागतं, पण घरातून चालत जाते. तिचे आजोबा त्याच आवारात पाळीला चालतच जायचे. जागा कुलपात कुजली असती तर कोणाचं भलं होणार होतं?

*

ताई, नोकरी आहे, पण आजोबांना युनियन होती, बोनस होता. तेही लिहा की.

*

वडील साचेखात्यात, म्हणजे मागांवर; बरीच वर्षं बदली कामगार, कायम माणूस आला नाही तरच काम. गिरणी कामगारांसाठीच्या म्हाडाच्या घरासाठी अर्ज करताना हजेरीचं तिकीट, फंडाची पावती, ईएसआयचं (कामगार विम्याचं) कार्ड असं सगळं साताऱ्याच्या घरी पत्र्याच्या पेटीत सापडलं, तिकिटाचा कोपरा वाळवीनं खाल्लेला. नंबर अर्धवट दिसतो म्हणून किती हेलपाटे घातले ते सांगत नाही. घर लागलं ते पनवेलच्या पुढे. माझी नोकरी परळला. हार्बरनं कुर्ला, तिथून स्लो लोकल. ज्यांनी गिरणगाव वसवलं त्यांना गिरणगावाबाहेर घर, हा न्याय मला अजून पटलेला नाही.

*

मी इथला नाही, डोंबिवलीहून गिरणीच्या आवारातल्या ऑफिसात येतो. इमारती काचेच्या झाल्या, गल्ल्या मात्र गिरणीच्या काळातल्याच. २९ सप्टेंबर २०१७ला एल्फिन्स्टन रोड स्टेशनच्या पादचारी पुलावर चेंगराचेंगरीत २३ माणसं गेली. आधी जिने-रस्ते, मग मजले, एवढा क्रम सरळ ठेवता आला असता.

*

घरांचं सगळे बोलले, मैदानाचं कोणी नाही. लालबाग-परळची कबड्डी म्हणजे काय चीज होती! आमची पोरं आता शाळेच्या गच्चीवर मॅट टाकून सराव करतात, तेही शाळेला सुट्टी असली तर. टॉवरच्या पायथ्याशी हिरवळ आहे, पण वॉचमन पहिलं विचारतो, 'कौनसा फ्लॅट?' आमच्या वॉर्डात मोकळ्या जागेसाठी नेमके कुठले तुकडे पालिकेकडे आले, हे माहितीच्या अधिकारात कोणी विचारलंय का? नसेल तर मी अर्ज टाकतो. सोबत कोण येणार, ते इथेच सांगा.