पोरं स्वतःच्या मनानं कधी लिहिणार? (आठवी, मराठी)

खडूवाले सर
नमस्कार मंडळी. तालुक्याच्या गावात आठवीला मराठी शिकवतो. 'पावसाळ्यातील एक दिवस' दिला की सगळ्या वह्यांत एकच निबंध, धरतीने हिरवा शालू नेसला, मोर थुईथुई नाचू लागले, आता आमच्या गावात मोर कुणी बघितलाय? म्हणून परवा म्हटलं विषयच देत नाही, मनाला येईल ते लिहा. तर निम्मी पोरं पेन चावत बसली आणि बाकीची विचारतायत, "सर, किती ओळी?" मधल्या सुट्टीत हीच पोरं मॅचची कॉमेंटरी अशी करतात की ऐकत राहावं. मोकळीक देऊन पण असं का? तुम्ही लोक काय करता?

चिंचेखालची शाळा
सर, "काहीही लिहा" हेच पोरांना सगळ्यात अवघड जातं. मी उलट बंधन घालते. मोर, शालू, थुईथुई, बळीराजा असे शब्द फळ्यावर लिहायचे आणि त्यावर काट मारायची, आज हे बंद. मग प्रश्न एकदम बारीक: पाऊस सुरू झाला की तुमच्या घरात आधी काय हलवतात? एका मुलीनं लिहिलं, "आमच्यात पाऊस आला की सगळी पातेली गळतीखाली लागतात, मग आई खिचडीच टाकते, एका भांड्यात होते म्हणून." तिच्या 'आमच्यात'वर मी लाल पेन फिरवला नाही, नाहीतर पुढच्या वेळी परत हिरवा शालूच आला असता.
शुद्धलेखनाच्या चुकांना पण गोल करत नाही. ज्या ओळीत चूक आहे तिच्यासमोर समासात नुसतं टिंब, शोधायची त्यांनी, शेजारच्याला विचारून. आधी "मॅडम कुठंय चूक, कुठंय चूक" अशी बोंब असायची, आता टिंब पडायच्या आधीच एकमेकांच्या वह्या बघतात.

दहावीचा बाप
वाचायला छान वाटतं हो, पण दहावीच्या कुमारभारतीत 80 पैकी 24 मार्क उपयोजित लेखनाला आहेत. पत्र, बातमी, जाहिरात, सगळ्याचा साचा ठरलेला. तिथं खिचडीला कोण मार्क देणार? क्लासवाले पीडीएफ पाठवतात, पोरगी पाठ करते, मार्क पडतात. विषय संपला.

बोलीवेडा
@दहावीचा बाप साहेब, साचा पाठ करायला कुणाची ना नाही, पत्राचा मायना काय कुणी नव्यानं शोधत नाही. पण त्याच 24 मधले 8 मार्क निबंधाचे, प्रसंगलेखन, आत्मकथन नाहीतर वैचारिक, आणि पाठ केलेला विषय नाही आला की पोरगी काय करणार?
बाकी खडूवाले सर, भाषाशिक्षणाचे अभ्यासक एन. एस. प्रभूंनी 1979 ते 84 मध्ये बंगळूर-मद्रासकडच्या शाळांत इंग्रजीचा प्रयोग केला होता. व्याकरणाचे धडे बाजूला, पोरांना रेल्वेचं टाइमटेबल नाहीतर नकाशा द्यायचा आणि कुठली गाडी धरली तर वेळेत पोचू असलं काहीतरी सोडवायला लावायचं. पण आधी तसलंच एक काम मास्तर अख्ख्या वर्गाबरोबर तोंडी करणार, आणि मग दुसरं पोरानं एकट्यानं. माझ्या मते खरी मेख या आधीच्या कामात आहे, आपल्याकडे स्वयंअध्ययन म्हणत पोराला सरळ विहिरीत ढकलतात. तुमच्या कॉमेंटरीवाल्यांना पण आधी बोलू द्या की, एकानं बोलायचं आणि दुसऱ्यानं उतरवायचं, मग त्यालाच शीर्षक, ठिकाण, तारीख लावली की साहेबांना पाहिजे ती बातमी तयार.

खडूवाले सर
कॉमेंटरीची आयडिया भारी आहे, शनिवारी सकाळच्या शाळेत करून बघतो. फक्त मॅडम, माझ्याकडे पन्नासच्या वर पोरं, टिंबं देता देताच रात्र होईल. सगळ्या वह्या तपासता?

चिंचेखालची शाळा
छे हो. एका वेळी एकच रांग. कुठली ते आधी सांगत नाही, त्यामुळे सगळेच जरा नीट लिहितात 😄