एसएमए झालेल्या मुलीसाठी वर्गणी: आकडा किती ठेवायचा, पैसे कुठे घ्यायचे? (नागपूर)

मानेवाडाकर
आमच्या लेआउटमधल्या एका मुलीला एसएमए टाइप 2 आहे, म्हणजे स्नायू दुबळे करणारा जनुकीय आजार. वय 3 वर्षं, वजन 12 किलो. जनुकीय तपासणीत एसएमएन1 या जनुकाचा दोष पक्का झाला आहे. गणेश मंडळ वर्गणी काढायला तयार आहे. कोणी म्हणतं 16 कोटींचं इंजेक्शन लागतं, कोणी म्हणतं पिण्याचं औषध. आवाहनात आकडा कोणता टाकावा? वडिलांच्या खात्याचा क्यूआर चालेल का?

डोसवही
दादा, 16 कोटी आधी पोस्टरवरून काढा. तो झोल्जेन्स्माचा आकडा. शिरेतून एकदाच द्यायच्या त्या औषधाला अमेरिकेत मान्यता आहे ती 2 वर्षांखालच्या बाळांसाठी. शिवाय कोटी वाचले की शंभर रुपये देणारा माणूस हात आखडता घेतो, आणि मंडळाची वर्गणी उभी राहते ती त्याच्याच जिवावर.

या वयात डॉक्टर बहुधा रिस्डिप्लाम हे पिण्याचं औषध लिहितील. 2 वर्षांवरच्या, 20 किलोखालच्या मुलांना किलोमागे रोज 0.25 मिग्रॅ. म्हणजे 12 किलोला 3 मिग्रॅ, सिरिंजमध्ये 4 मिली. बाटली 60 मिग्रॅची, 20 दिवस पुरते. वर्षाला 19 बाटल्या. मूळ कंपनीची बाटली 6 लाखांच्या घरात होती. ऑक्टोबर 2025 मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाच्या निकालानंतर नॅटको या भारतीय कंपनीची त्याच औषधाची बाटली आली, छापील किंमत 15,900. वर्षाचे साधारण 3 लाख.

पण औषध जन्मभराचं आहे आणि वजनासोबत डोस चढतो. 20 किलोला 5 मिग्रॅ झाले की बाटली 12 दिवसांत संपते. 31 बाटल्या, जवळपास 5 लाख. म्हणून पहिल्या 3 वर्षांचंच आवाहन काढा: औषधाचे 10-11 लाख, वर फिजिओथेरपी आणि पाठीचा पट्टा. दवाखान्याच्या लेटरहेडवर वजन, डोस, बाटल्या असं इस्टिमेट घ्या. नुसती एकूण रक्कम लिहिलेलं इस्टिमेट कुणाला पटत नाही.

हिशेबताई
वडिलांचं खाते नकोच. नातेवाईक नसलेल्यांकडून वर्षात 50,000 च्या वर आलं तर आयकर ते उत्पन्न धरू शकतो. नोंदणीकृत ट्रस्टच्या किंवा थेट दवाखान्याच्या खात्यात घ्या. ट्रस्टकडे 80जी ही करसवलतीची नोंदणी असेल तर देणाऱ्यालाही सवलत मिळू शकते, फक्त 2,000 च्या वरची रोकड त्यात बसत नाही. तुमचं मंडळ नोंदलेलं नसेल तर वर्गणीआधी धर्मादाय कार्यालयातून कलम 41क ची परवानगी काढा. परदेशी पासपोर्टवाल्यांचे पैसे एफसीआरएत, म्हणजे परदेशी देणग्यांच्या कायद्यात, अडकतात. दुबईत राहणाऱ्या भारतीय पासपोर्टवाल्याचे चालतात.

आणि सरकारी अर्ज आजच करा, वर्गणी संपायची वाट पाहू नका. राष्ट्रीय दुर्मीळ आजार धोरण 2021 मध्ये 50 लाखांपर्यंत मदत आहे, पण ती कुटुंबाला हातात मिळत नाही. उत्कृष्टता केंद्र म्हणून ठरवलेल्या रुग्णालयातूनच उपचार व्हावे लागतात. मुंबईचं केईएम त्यातलं एक. नागपूरच्या मेडिकल (शासकीय वैद्यकीय महाविद्यालय) किंवा एम्समधून रेफरल, एमएलपीए या जनुकीय तपासणीचा अहवाल आणि एसएमएन2 या जोडीच्या जनुकाच्या प्रतींची संख्या सोबत न्या. मुख्यमंत्री सहायता निधीला तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला लागतो. इस्टिमेट खासगी दवाखान्याचं असेल तर त्यावर सिव्हिल सर्जनचं प्रमाणपत्र लागतं.

मानेवाडाकर
ताई, फाइलचे फोटो ग्रुपवर टाकावे का?

हिशेबताई
निदान आणि इस्टिमेट टाका. आधार, पत्ता, मुलीचं पूर्ण नाव झाकून. फॉरवर्ड होताना कुणी क्यूआर बदलून टाकतं, म्हणून पैसे पाठवताना कोणत्या खात्याचं नाव दिसलं पाहिजे ते पोस्टरवर ठळक छापा.

डोसवही
बाटली एकदम वर्षाची उचलू नका, वजन वाढलं की हिशेब बदलतो. पावडर पाण्यात कालवून फार्मासिस्टच देईल. त्यानंतर 2 ते 8 अंशांत ठेवायची आणि 64 दिवसांत संपवायची. मूळ औषधाच्या पत्रकानुसार फ्रीजबाहेर एकूण 5 दिवस चालते, पण 40 अंशांपर्यंतच. आपल्या मे महिन्यात ते धरून चालू नका. लाइट गेली तर आइसबॉक्स तयार असावा, बर्फाला बाटली चिकटून गोठणार नाही असा.