मदत हवी आहे: एस्टीमच्या रोलकेजसाठी पाइप हवाय, आणि गंजलेल्या पत्र्याचं काय करू?

मंडळी, कोल्हापुरात घरच्या गॅरेजात जुनी मारुती एस्टीम ऑटोक्रॉससाठी (मोकळ्या मैदानावरची घड्याळाशी शर्यत) तयार करतोय. मागची सीट, एसी, गालिचे सगळं उतरवलं. तळाचा डांबरी थर खरवडण्यात आठवडा गेला, आणि आईनं मला चपलांसकट घरात यायला बंदी घातली ती वेगळीच. १२९८ सीसीचं इंजिन ठणठणीत आहे, त्याला हात लावत नाही. आधी जीव वाचवणारी केज, म्हणजे गाडी उलटली तरी छत चेपू नये म्हणून आत बसवायचा पाइपांचा सांगाडा.

एफआयएच्या (मोटरस्पोर्टची जागतिक संघटना) नियमात केजच्या मुख्य कमानीला ४५ मिमी व्यास आणि २.५ मिमी जाडी, नाहीतर ५० बाय २ सांगितलंय. पाइप बिनशिवणीचा, थंड असताना ओढलेला, म्हणजे सीडीएस. दुकानदार मात्र ईआरडब्ल्यू, म्हणजे पत्रा वळवून शिवण वेल्ड केलेला पाइप, गळ्यात मारतोय. "काय हुतंय, बसचं छप्पर ह्याचंच असतंय!" शिवणीच्या पाइपावर माझा तरी जीव टांगायची तयारी नाही. कोल्हापूर, सांगली किंवा पुण्यात सीडीएसच्या दोन-तीन लांब्या सुट्ट्या कुठे मिळतील?

दुसरं, ग्रिलवाल्याच्या बेंडरवर तुकडा वाकवून पाहिला, वळणावर चपटा झाला. आतून मँड्रेलचा (पाइपात घालायच्या दांड्याचा) आधार देऊन वाकवणारं कुणी माहीत आहे का?

खरी चिंता वेगळीच आहे. केजच्या पायाखाली ३ मिमी जाडीची, किमान १२० चौ. सेमी प्लेट बॉडीला वेल्ड करायची, पण ड्रायव्हरकडचा सिल (दाराखालचा पत्रा) नेमका तिथेच गंजलाय. स्क्रूड्रायव्हर आरपार जातो. चांगला पत्रा लागेपर्यंत कापून नवा बसवू, की दुसरी बॉडीच शोधू? पातळ पत्र्याला सीओटू (मिग) वेल्डिंग चालेल का आर्गॉनच (टिग) हवं? स्वतः केलेल्यांनी फोटोसकट सांगितलं तर उपकार होतील.