क्रासची जुनी कविता नव्या, महागड्या विनाइलवर: पटतं का?

शिळाप्रेस
क्रास या इंग्लिश पंक (बंडखोर रॉक संगीताच्या) बँडचा पहिला अल्बम ‘द फीडिंग ऑफ द फाइव्ह थाउजंड’. १९७८ साली रेकॉर्ड झालेला. गेल्या काही वर्षांत तो पुन्हा विनाइलवर, म्हणजे ग्रामोफोनच्या तबकडीवर, निघालाय. त्यातली पहिली रचना ‘असायलम’ हे गाणं नाहीच, ती कविता आहे. लिहिलीय पेनी रिम्बोने आणि म्हटलीय ईव्ह लिबर्टीनने. ड्रम नाहीत, ताल नाही, मागे गिटारचा नुसता खरखराट. क्रुसावरच्या ख्रिस्ताला ही बाई समोरासमोर जाब विचारते. आवाज चढवत नाही, म्हणूनच ऐकताना अंगावर येतं.

माझी हरकत किमतीवर आहे. १९७९ मध्ये याच कवितेची लांब आवृत्ती ‘रिअ‍ॅलिटी असायलम’ त्यांनी स्वतःच्या लेबलवर (रेकॉर्ड कंपनीच्या नावाखाली) सिंगल, म्हणजे एक-दोन रचनांची छोटी तबकडी, म्हणून काढली आणि ४५ पेन्सला विकली. बाकीच्या सिंगल तेव्हा साधारण ९० पेन्सना होत्या. व्हॅट हा विक्रीवरचा कर हिशेबात धरायचा राहिला, त्यामुळे प्रत्येक प्रतीमागे तोटा झाला. त्यानंतरही ‘यापेक्षा जास्त देऊ नका’ म्हणून कव्हरवर किंमत छापायची पद्धत त्यांनी सोडली नाही. ज्याच्या खिशात पैसे नाहीत त्याच्याकडे ही कविता पोचली पाहिजे, हा त्यांचा आग्रह होता. आज या अल्बमची नवी एलपी (मोठी तबकडी) वीस-पंचवीस पौंडांना जाते. भारतात मागवली तर टपाल आणि कस्टम्स वेगळं. ही कविता आता कोणाच्या घरात जाणार? ज्यांच्या कपाटात आधीच दोनशे तबकड्या आहेत त्यांच्या.

उलटी सुई
साफ असहमत. पुन्हा काढणं ही या कवितेच्या बाबतीत नंतर सुचलेली धंद्याची गोष्ट नाहीये. पुन्हा काढली म्हणूनच ती अल्बममध्ये आली!

पहिल्या वेळी आयर्लंडमधल्या प्रेसिंग प्लांटच्या, म्हणजे तबकड्या छापायच्या कारखान्याच्या, कामगारांनी ती दाबायला (छापायला) नकार दिला. बँडने त्या जागी शांतता ठेवली आणि तिला नाव दिलं ‘द साउंड ऑफ फ्री स्पीच’. म्हणजे पहिली आवृत्ती ज्यांनी घेतली त्यांना कवितेच्या जागी सुईची सरसर तेवढी ऐकू आली. पुढे क्रासने स्वतःच्या लेबलवर ‘द सेकंड सिटिंग’ ही नवी आवृत्ती काढली, तेव्हा कविता आपल्या जागेवर बसली. मग पुनर्मुद्रणाला विटाळ मानायचं कारण काय?

आणि जुन्या प्रतींचा बाजार पाहिलाय का? नवी आवृत्ती नसेल तर एकच वाट उरते, संग्राहक सांगेल तो भाव.

पिंपळपान
जरा मागचा काळ पण लक्षात घ्या. जुलै १९७७ मध्ये ‘गे न्यूज’ या समलिंगी वाचकांच्या पत्राला एका कवितेपायी ईशनिंदेच्या गुन्ह्यात दोषी ठरवलं होतं. संपादकाला दंड आणि स्थगित तुरुंगवास. दोनच वर्षांनी ही सिंगल. पोलीस क्रासच्या घरी, एसेक्समधल्या डायल हाउसला, जाऊन आले. खटल्याची धमकी झाली, खटला काही उभा राहिला नाही. इंग्लंडमधला तो कायदा गेला २००८ साली. म्हणजे त्यांनी ४५ पेन्सला तोट्यात जे विकलं, त्याची जोखीम तुरुंगाची होती. किमतीवर वाद घाला, पण एवढं बोलून घालू या.

लीड्सकर
मी इंग्लंडमध्ये राहतो, म्हणून हिशेब मांडतो. अल्बमची मूळ किंमत दोन पौंड. महागाई धरली तर आजचे दहा-बारा. म्हणजे नवी एलपी जवळपास दुपटीने महाग. पण तेव्हा एका वेळी निदान पाच हजार प्रती दाबाव्या लागायच्या, अल्बमचं नावच त्यावरून पडलं. आज इतक्या प्रती दाबायचं धाडस कोण करणार? प्रती कमी म्हणजे एकेका तबकडीवर खर्च जास्त. याला लबाडी म्हणवत नाही मला.

शिवाय २०२० च्या सुमारास याच अल्बमचे सुटे ट्रॅक (आवाज, गिटार, ड्रम वेगवेगळे) लोकांना रीमिक्ससाठी, म्हणजे नव्याने जुळवून वेगळी रचना करण्यासाठी, मोकळे करून दिले होते. ‘नॉर्मल नेव्हर वॉज’ नावाने ती रीमिक्स विनाइलवर आली आणि उत्पन्न रेफ्यूज या संस्थेला गेलं. घरातल्या मारहाणीतून सुटलेल्या बायकांसाठी ती काम करते.

नदीकाठ
रेफ्यूजचं काम मोठंच आहे, पण ते पैसे रीमिक्सचे. मूळ अल्बमच्या किमतीला ते उत्तर होत नाही. आणि २०१० मध्ये सगळे अल्बम नव्याने काढायचं ठरलं तेव्हा बँडच्याच तीन जुन्या सदस्यांनी हरकत घेतली होती, कोर्टाची भाषा झाली होती. तरी काम पुढे गेलं. एकेकाळी एका घरात राहून, एका ताटात जेवून हे सगळं उभं केलेल्या माणसांत असा पेच पडतो, तेव्हा ‘बँडचीच इच्छा आहे’ असं आपण कोणत्या तोंडाने म्हणायचं?

उलटी सुई
@नदीकाठ, मग ज्यांना ती ऐकवावीशी वाटते त्यांनी गप्प बसायचं का? कवितेला एकदा गप्प केलंच होतं. मला तर ती आज पंचवीस पौंडांना का होईना, दुकानात उघड मांडलेली हवी.

शिळाप्रेस
@उलटी सुई, ‘द सेकंड सिटिंग’चा मुद्दा वजनदार आहे. पण ती आवृत्ती काढणाऱ्यांनी किमतीवरची पकड सोडली नव्हती, आणि माझं भांडण तेवढ्याचसाठी आहे. @लीड्सकर, खर्च वाढला हे कबूल. मग आजची खरी किंमत कव्हरवर मोठ्या अक्षरात छापा की! पंधरा लागतात तर पंधरा, अठरा लागतात तर अठरा. ‘यापेक्षा जास्त देऊ नका’ हे वाक्य आजच्या आकड्यासकट हवं, म्हणजे दुकानदाराने पंचवीस मागितले की सोळा वर्षांचं पोरसुद्धा त्यावर बोट ठेवून भांडू शकेल.