आत्याचा मास्क आणि आजारांच्या रील्स

रामबागकर: जानेवारी 2025 मध्ये बेंगळुरूत दोन बाळांना एचएमपीव्ही निघाला आणि त्याच संध्याकाळी आमच्या आत्याने माळ्यावरचे कोरोनातले मास्क खाली काढले. एका न्यूज चॅनलच्या पेजवर लाल अक्षरांत चीनचा ‘नवा’ व्हायरस, मागे पीपीई किटमधली माणसं. हा विषाणू 2001 मध्येच नेदरलँड्समध्ये ओळखला गेलाय, बहुतेकांना सर्दी-खोकल्यासारखा होऊन जातो, हे बातमीत होतं बरं का. चौथ्या परिच्छेदात! आत्या कशाला लिंक उघडते? न्यूजवाल्यांनो, काय करायचं ते फोटोवरच लिहा, नाहीतर आजाराच्या पोस्ट टाकू नका.

सराफ्यातलं_घुबड: टाकू नका? मे 2021 आठव ना भिया. काकांना शुगर, त्यात कोरोनात स्टेरॉइड घेतलेले. गाल सुजला तर काकू म्हणे दाढ असेल. चुलतभावाने म्युकरमायकोसिसच्या, म्हणजे काळ्या बुरशीच्या, बातमीचा व्हिडिओ पाहिला होता, म्हणून सकाळीच ईएनटीकडे नेलं. डोळा वाचला. व्हिडिओला संगीत भुताच्या सिनेमाचं होतं, मान्य. पण सरकारी पत्रक आमच्या दारी आलंच नाही.

रामबागकर: काकांचं वाचून बरं वाटलं. पण त्याच महिन्यात पांढरी बुरशी, पिवळी बुरशीही सुरू झाली. शेवटी एम्सच्या तेव्हाच्या संचालकांना सांगावं लागलं, रंगावरून नावं देऊ नका. म्युकर माणसाकडून माणसाला लागत नाही, तरी आमच्या गल्लीत दूधवाला एका घरापुढे थांबेना.

एक_दिवसाआड_नर्मदा: दोघंही चॅनललाच धरून बसलात. आपल्या इंदूरची टाटपट्टी बाखल विसरलात? 1 एप्रिल 2020, तपासणीला गेलेल्या आरोग्य पथकावर दगडफेक. ती भीती व्हॉट्सॲपवरच्या अफवांची होती. बातमीवाले गप्प बसले तर लोकांकडे तेवढंच उरतं.

सराफ्यातलं_घुबड: हेच तर म्हणतोय!

रामबागकर: हेच तर कसलं? दगडांचा व्हिडिओ पेजांवर दिवसभर फिरला. पथक कशासाठी गेलं होतं, हे कोणी नीट सांगितलं? जखमी झालेल्या दोघी डॉक्टर दुसऱ्याच दिवशी परत कामावर गेल्या, हे तरी किती जणांना माहीत आहे?

एक_दिवसाआड_नर्मदा: मला आहे. एका न्यूज पेजवरच वाचलं होतं. असो, आत्याचं पुढे काय झालं?

रामबागकर: चौथा परिच्छेद मोठ्याने वाचून दाखवला. म्हणाली, “पेपरात आलंय का?” सकाळी पेपर येईपर्यंत मास्क उतरला नाही.