बसायचीच नसेल तर ती खुर्ची कसली?

महालवाला
वेंडेल कॅसल या अमेरिकन कलाकाराचं 'घोस्ट क्लॉक' (1985) फोटोत पाहिलं. उंच घड्याळावर पांढरी चादर टाकून दोरीने बांधलेली दिसते. पण चादर, चुण्या, दोरी, सगळं महोगनी कोरून केलेलं! हा माणूस (1932–2018) डिझाइन आणि शिल्पकला दोन्ही शिकला. फळ्या एकावर एक चिकटवायच्या आणि त्या थप्पीतून खुर्ची, टेबल कोरून काढायचं, ही त्याची रीत.

आपल्याकडचं सागवान अयोध्येच्या राममंदिराच्या दारांना गेलं, नव्या संसदेत लागलं. आणि नागपुरातल्या घरांत काय? प्लायवर सनमायका. एक तरी वेडी खुर्ची इथे घडायला पाहिजे, असं मला मनापासून वाटतं.

सुताराची लेक
दादा, मला नाही पटत. बाबांनी केलेली खुर्ची आमच्या घरी माझ्या जन्माआधीपासून आहे. मागच्या वर्षी पाय मोडला. बाबांनी कुसू, म्हणजे खाचेत बसणारं टोक, काढलं, नवा पाय बसवला, संध्याकाळी आजी त्याच खुर्चीवर भाजी निवडत होती. तुमच्या कोरीव गोळ्याला पाय कुठून सुरू होतो तेच कळत नाही, दुरुस्त काय करणार? शिवाय आपला मे महिना! पंचेचाळीस डिग्रीत दाराच्या फळ्यांत फट पडते, श्रावणात तेच दार अडकते. चिकटवलेली थप्पी टिकेल काहून?

रंधा
ताई, फटीचं तितकं खरं नाही. लाकूड रेषांच्या आडव्या अंगाला फुगते-आटते, लांबीत जवळपास नाही. सगळ्या थरांच्या रेषा एकाच दिशेला ठेवल्या आणि लाकूड नीट वाळलेलं असलं, तर थप्पी एकत्रच हलते. सागवानात तेल असते, म्हणून चिकटवायच्या आधी ताजा रंधा मारून थिनरने पुसावं लागते. दुरुस्तीचा मुद्दा मात्र तुमचा बरोबर. तिथे माझ्याकडे उत्तर नाही.

महालवाला
आणि नासाडीही वाटते तेवढी नाही. कॅसल प्रत्येक थर आधीच आकारात कापून मग चिकटवायचा. अख्खा ओंडका पोखरला नाही त्यानं.

सुताराची लेक
बरं, नासाडीचं मी बोललेच नव्हते. माझं म्हणणं माणसाच्या पाठीचं आहे. बाबा गिऱ्हाइकाला आधी स्टुलावर बसवतात, गुडघ्यापर्यंत उंची मोजतात, मग लाकडाला हात लावतात. मोजमाप माणसाचं घ्यायचं सोडून कलाकाराच्या मनातल्या आकाराचं घेतलं, तर ती मूर्ती झाली. मूर्ती म्हणा, मी हात जोडते. खुर्ची म्हणू नका.

महालवाला
मोजमाप घेऊनही आकार वेगळा करता येतो ना, ताई? चारच पाय असावेत हे गुडघ्यानं थोडंच सांगितलं?

सुताराची लेक
बाबांना घड्याळाचा फोटो दाखवला. काही बोलले नाही. मोठा करून दोरीची गाठ पाहिली, मग म्हणाले, "या गाठीच्या मागे पटाशी घातली कशी असंन यानं?"

माझं मत आहे तेच आहे. पण मोबाइल अजून त्यांच्याचकडे आहे, हे आईच्या फोनवरून लिहून राहिली.